शिशाचा शंभर वर्षांचा हिशेब

जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातल्या पंपांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा जगातला तो शेवटचा देश होता. ऑगस्टच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तसे जाहीर केले. पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती सापडली होती डिसेंबर १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या डेटन शहरात. एक चूक जन्मायला, जगभर पसरायला आणि निस्तरायला शंभर वर्षे लागली. या शतकाच्या मधोमध एका रसायनशास्त्रज्ञाची कारकीर्द उभी आहे. आज आपल्या नद्या, हवा आणि अन्न कोण मोजतो, कसे मोजतो आणि कुणाच्या पैशाने मोजतो, हे प्रश्न ऐरणीवर असताना ती कारकीर्द पुन्हा वाचायला हवी.

शिसे विषारी आहे, हे १९२१ साली कुणाला नव्याने सांगावे लागत नव्हते. रंगारी, छापखान्यातले कामगार आणि खाणकामगार ते पिढ्यानपिढ्या भोगत आले होते. तरीही डेटनमधले अभियंते टॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेड हे संयुग पेट्रोलमध्ये घालून पाहिले आणि इंजिनाचे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याने होणारी खडखड, थांबले. लिटरमागे एक ग्रॅमहूनही कमी शिसे पुरत होते. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबत असे, पण धंद्याच्या दृष्टीने शिसे सोयीचे ठरले. फेब्रुवारी १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात या संयुगाच्या वाफांनी पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतले आणि त्याचा वास घेऊन दाखवला. त्याआधीच्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते.

१९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टनला परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या कामगार-आरोग्याच्या जाणकार डॉक्टरांनी धोक्याचा इशारा दिला. नेमलेल्या समितीने मात्र बंदी घालण्याजोगा पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला आणि पुढील अभ्यास चालू ठेवावा अशी शिफारस केली. खरी मेख पुढे आहे. हा अभ्यास सरकारने केलाच नाही. तो गेला उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेकडे, डॉ. रॉबर्ट किहो यांच्या हाती. पुढची चाळीस वर्षे शिशाबद्दल बोलायचे तर आकडे किहो यांचे, निष्कर्ष किहो यांचे आणि मर्यादाही किहो यांनी आखलेली.

त्यांचा युक्तिवाद ऐकायला पटण्यासारखा होता. कारखान्यातल्या कामगारांच्या शरीरात शिसे असते, तसे ते कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या शरीरात असते. तेव्हा शिसे शरीरात असणे नैसर्गिकच. एका मर्यादेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. तुलनेसाठी ते मेक्सिकोतल्या एका दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत गेले. तिथेही शिसे सापडले. मात्र ते शेतकरी जेवत होते शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून. ज्यांना निर्मळ धरून तुलना केली, त्यांच्या ताटातच शिसे होते. सगळीकडे आढळते म्हणून ते नैसर्गिक, ही समजूत या अशा मोजणीवर उभी राहिली.

ती ढासळवणारा माणूस शिशाच्या शोधात निघालाच नव्हता. आयोवा राज्यातले क्लेअर पॅटरसन १९४८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करत होते. मार्गदर्शक हॅरिसन ब्राऊन यांनी दोन विद्यार्थ्यांत काम वाटून दिले. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन या खनिजाचे बारीक कण असतात. त्यातले युरेनियम जॉर्ज टिल्टन यांनी मोजायचे, शिसे पॅटरसन यांनी. युरेनियमचे ठरलेल्या वेगाने शिसे होत जाते. दोहोंचे प्रमाण कळले की खडकाचे वय निघते. वय आधीच ठाऊक असलेला खडक घेऊन पद्धत पारखायची होती. टिल्टन यांचे आकडे जुळले. पॅटरसन यांना मिळालेले शिसे अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त होते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्याने ब्युरेट हाताळले आहे, त्याला ‘ब्लँक’ ठाऊक असतो. नमुना सोडून बाकी सगळे तेच करायचे: तीच रसायने, तीच भांडी, तोच क्रम. जो आकडा येईल तो नमुन्याचा नसतो, आपल्या हातांचा आणि भांड्यांचा असतो. शिकताना आपण त्याला पायरीपुरते महत्त्व देतो. पॅटरसन यांनी त्याच्यापायी वर्षे घातली. शिसे येते कुठून हे ते एकेक करून शोधत गेले. पाण्यात होते, आम्लांत होते, काचेत होते. नळाच्या डाखात होते, भिंतीच्या रंगात होते, हवेतल्या धुळीत होते. माणसाच्या केसांत आणि त्वचेवरही होते. नुसता माणूस आत आला तरी नमुना बिघडत होता.

१९५२ पासून ते पासाडीनाच्या कॅल्टेकमध्ये होते. तिथे त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा पुढच्या साऱ्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांची पूर्वज म्हणता येईल. आत गाळलेली हवा दाबाने सोडायची, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची धूळ आत शिरणार नाही. आम्ले स्वतः पुन्हा ऊर्ध्वपातित करायची. भांडी आम्लात उकळून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. फरशी रोज पुसायची. हे काम करणाऱ्याला बाहेरच्या जगात किंमत नसते. शोधनिबंधात त्याला दोन ओळी मिळतात. पण या दोन ओळींशिवाय बाकी निबंध खोटा ठरतो.

या स्वच्छतेने पहिले फळ दिले ते थेट पृथ्वीच्या इतिहासाचे. ॲरिझोनातल्या कॅन्यन डियाब्लो या, पृथ्वीच्याच काळात घडलेल्या अशनीतले शिसे वेगळे काढून पॅटरसन १९५३ मध्ये शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांनी ते मोजले. पृथ्वीचे वय निघाले सुमारे ४५५ कोटी वर्षे. तिथून ते आयोवाला आईवडिलांच्या घरी गेले. छाती इतकी धडधडत होती की हृदयविकाराचा झटका आला असे वाटून त्यांनी आईला इस्पितळात न्यायला सांगितले. १९५६ मध्ये तो आकडा पक्का छापून आला आणि आजही तो जवळपास जसाच्या तसा टिकून आहे.

एवढ्या शोधावर एखाद्याचे उरलेले आयुष्य मानाने गेले असते. पॅटरसन यांना मात्र ब्लँक स्वस्थ बसू देत नव्हता. प्रयोगशाळेत शिरणारे इतके शिसे जगात आले कुठून? त्यांनी समुद्राचे पाणी मोजले. वरच्या थरात शिसे जास्त, खोल पाण्यात कमी. समुद्रतळातून येत असते तर उलट दिसले असते. म्हणजे ते वरून, हवेतून पडत होते. १९६३ मध्ये सहकारी तात्सुमोतो यांच्याबरोबर त्यांनी हे प्रसिद्ध केले. मग ते बर्फाकडे वळले. ग्रीनलंडमध्ये वर्षावर्षाचा बर्फ थरावर थर साचत जातो. हवेची ती एक न पुसली जाणारी रोजकीर्दच आहे. पण त्या बर्फातले शिसे इतके अत्यल्प की कुऱ्हाडीचा घाव किंवा हातमोज्याचा स्पर्शही नमुना नासवील. प्लास्टिकचे पोशाख घालून, आम्लाने धुतलेली हत्यारे वापरून ठोकळे कापले गेले. मुरोझुमी, चौ आणि पॅटरसन यांचे निष्कर्ष १९६९ मध्ये आले. इसवी सनापूर्वी ८०० च्या बर्फात किलोमागे ०.००१ मायक्रोग्रॅमहून कमी शिसे. १९६५ च्या बर्फात ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त. दोनशे पटींहून अधिक वाढ, आणि तिचा सर्वांत उभा चढ १९४० नंतरचा, म्हणजे मोटारींच्या जमान्यातला.

त्याआधीच, १९६५ मध्ये, एका वैद्यकीय नियतकालिकात लिहून त्यांनी नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. सध्या सर्रास आढळणारी पातळी आणि नैसर्गिक पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. किहो यांच्या चाळीस वर्षांच्या बांधकामाचा पायाच यामुळे निखळला. याची किंमतही पॅटरसन यांना मोजावी लागली. पेट्रोलियम उद्योगाकडून मिळणारा संशोधन निधी बंद झाला. १९६६ मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे किहो आणि पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. तरी १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल निघाला तेव्हा तो लिहिणाऱ्या मंडळात, हा विषय सर्वांत बारकाईने मोजणाऱ्या माणसाला जागा नव्हती. १९७८ च्या मंडळात ती मिळाली, पण १९८० च्या अहवालात त्यांना आपले वेगळे मत स्वतंत्रपणे नोंदवावे लागले. त्याच वर्षी टूना माशावरचे त्यांचे काम आले. ताज्या माशातल्या शिशाचे इतर प्रयोगशाळांनी दिलेले आकडे खऱ्या आकड्याच्या शेकडो पट होते, कारण त्या स्वतःचीच घाण मोजत होत्या. आणि डाख दिलेल्या डब्यातल्या माशात शिसे हजारो पट वाढत होते.

अमेरिकेने १९७० च्या दशकात पेट्रोलमधले शिसे घटवायला सुरुवात केली. १९७६ ते १९८० आणि १९८८ ते १९९१ या दोन पाहण्यांच्या दरम्यान तिथल्या लोकांच्या रक्तातली शिशाची सरासरी दर डेसिलिटरला १२.८ वरून २.८ मायक्रोग्रॅमवर आली. ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलेले शिसे पेट्रोल बदलताच रक्तातून ओसरू लागले, यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? पॅटरसन ५ डिसेंबर १९९५ रोजी वारले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर अमेरिकेत पूर्ण बंदी आली.

या हिशेबाची आपली पाने वेगळी काढता येत नाहीत. भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले. मधल्या काळात शहरांत वाढलेल्या मुलांच्या रक्ताची तपासणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या एका संस्थेने मुंबईसह मोठ्या शहरांत केली. निम्म्याहून अधिक मुलांत दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. आजही ते संपलेले नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या गल्लीबोळांतल्या भट्ट्या, काही ठिकाणी हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून मिसळले जाणारे लेड क्रोमेट, स्वस्त रंग, स्वस्त शेंदूर हे सगळे शिशाचेच मार्ग. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. २०२० मध्ये युनिसेफने सहभागी होऊन काढलेल्या अहवालानुसार, रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असलेली मुले जगात सुमारे ८० कोटी आहेत, आणि त्यांपैकी २७ कोटींहून अधिक भारतात.

आणि आपला ब्लँक? २०१५ मध्ये एका कंपनीच्या नूडल्समधल्या शिशावरून देशभर गदारोळ उठला आणि त्यांच्यावर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. त्याच्या कारणांत एक कारण असे होते, की ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी आधारली होती त्यांना कायद्याने आवश्यक ती मान्यताच नव्हती. मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली तेव्हा शिसे मर्यादेत निघाले. या निकालात कोण जिंकले, कोण हरले हे बाजूला ठेवू. न्यायालयात न टिकणारी मोजणी ग्राहकाला वाचवत नाही आणि उत्पादकालाही न्याय देत नाही. ती फक्त लोकांचा विज्ञानावरचा विश्वास खर्ची घालते.

पर्यावरणाच्या रसायनशास्त्रातली कारकीर्द ही अशी असते. तिच्यात मोर्चे नसतात, आंदोलनांचे फोटो नसतात. एक माणूस भांडी आम्लात उकळतो, ब्लँक पुन्हा घेतो, आकडा पटला नाही तर आधी स्वतःवर संशय घेतो. या स्वतःवरच्या संशयातूनच दुसऱ्याच्या खोट्या आकड्याला आव्हान देण्याचा अधिकार येतो. पॅटरसन उद्योगाशी भांडायला निघाले नव्हते. खरे वय काढायला निघाले होते. भांडण त्यांच्या वाट्याला आले ते आकडा खरा होता म्हणून.

शिशाच्या शतकाने एक गोष्ट निर्विवाद दाखवली. ज्याचा माल विकायचा आहे त्याच्याच हाती मोजपट्टी दिली की चाळीस वर्षे सहज निघून जातात, आणि त्या चाळीस वर्षांत मुले मोठी होत असतात. म्हणून नदीचे पाणी, शाळेतली खिचडी, मुलांच्या खेळण्यांचा रंग मोजणाऱ्या सार्वजनिक प्रयोगशाळांना पुरेशी माणसे, चांगली उपकरणे आणि निर्भय नोकरी देणे हा खर्च नाही, ती मुलांप्रती असलेली जबाबदारी आहे. विद्यापीठांनीही विश्लेषणात्मक रसायनशास्त्राकडे दुय्यम विषय म्हणून पाहणे थांबवावे. वाचकाला एवढेच सांगायचे आहे: यापुढे कुणी ‘हे तर सगळीकडेच असते’ असे म्हणत एखादा आकडा समोर ठेवला, तर पहिला प्रश्न विचारा, हे मोजले कुणी? आणि दुसरा विचारा, त्यांचा ब्लँक किती आला होता?