नऊ दिवसांची नोकरी

दिल्लीतल्या मयूर विहारमधून मेट्रोच्या ब्लू लाइनने निघालं, की यमुना ओलांडल्यावर थोड्याच वेळात ‘सुप्रीम कोर्ट’ हे स्थानक लागतं. मयूर विहारमधल्या बँकांच्या दारातला रखवालदार आणि सफाई करणारी बाई यांचं भवितव्य तिथल्या सर्वोच्च न्यायालयातच ठरत आलं आहे. दोघंही बहुधा ठेकेदाराची माणसं.

1976 साली या न्यायालयासमोर स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या कॅशियरचा खटला आला. नेमणूकपत्रात मुदत नऊच दिवसांची. न्या. कृष्ण अय्यर यांनी निक्षून सांगितलं, की मुदत संपली म्हणून घरी पाठवणं हीसुद्धा कामगार कपातच. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येणार नाही.

1984 मध्ये कायदा बदलला आणि मुदतीचा करार संपणं कपातीतून वगळलं गेलं.

ठेकेदाराच्या माणसांबाबत पुढे याच न्यायालयाच्या 2001 च्या ‘सेल’ (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालाने ठरवलं, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट निव्वळ देखावा आहे, हे कामगारालाच शाबीत करावं लागतं. सगळे कागद मालकाकडे आणि पुराव्याचं ओझं झाडूवालीवर, हा उघड अन्याय आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत मुख्य कामांसाठी कंत्राटी कामगारांना मनाई आहे. पण सफाई आणि पहारा ही कामं सहसा ‘मुख्य’ धरली जात नाहीत.

तुमच्या ओळखीत असा कामगार असेल, तर त्याला हजेरीची नोंद, पगाराची पावती आणि पीएफचा उतारा जपून ठेवायला आजच सांगा.