ठासणीची बंदूक

बाळांनो, आमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करतात. १९७४ साली सुरू झाली. बार एकच! दुसरा भरेपर्यंत अर्धं मिनिट तरी जातं, नि धुरात काही दिसत नाही. म्हणून हरीण आडवं उभं असेल तरच, पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या बाजूला नेम धरायचा. हृदय-फुप्फुसं तिथेच.

शेजाऱ्याबरोबर मी आणि नातू गेलो होतो. बार लागला, हरीण पळालं. नातू धावणार, तर शेजाऱ्याने दंडच धरला. अर्धा तास थांब. मागे लागलं की जखमी जनावर कुठच्या कुठे जातं. मग बर्फावर रक्त पाहिलं. गुलाबी, फेसाळ. वॉर्डात ते मी पुष्कळ पाहिलंय, फुप्फुसाचंच. काळपट असतं तर यकृत, आणखी थांबायचं. हिरवट, घाण वासाचं तर पोट, मग सहा-आठ तास.

"आजी, त्याला दुखलं असेल?"

"हो रे," म्हटलं. खोटं कशाला बोलू?

शंभरेक पावलांवर झुडपात मिळालं. शेजारी तंगडी देत होता. हरीण आपल्याला चालतं, पण गोळीने मारलेलं नाही. त्याने मग सफरचंदं दिली.