नियम बदलताना माणूस उघड्यावर पडू नये

गेल्या हिवाळ्यात एक तरुण जोडपे पिनरला आमच्या घरी जेवावयास आले होते. दोघेही नोकरीत, दोन मुले शाळेत. बोलता बोलता त्या भगिनींनी वही काढून व्हिसाच्या मुदतवाढीचा हिशेब मांडला. त्यातील सर्वांत मोठा आकडा आरोग्य अधिभाराचा होता. तो हिशेब मनातून जाईना, म्हणून हा लेख.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागतो. आपल्यापैकी जे जुन्या काळी येथे आले, त्यांना असा अधिभार कधी भरावा लागला नाही. एप्रिल २०१५ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा दर वर्षाला २०० पौंड होता. जानेवारी २०१९ मध्ये तो ४०० झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५, मुलांसाठी ७७६. या दराने आईवडील व दोन मुले यांना पाच वर्षांसाठी १८,११० पौंड भरावे लागतात. रुग्णालयांत व आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांच्या विशिष्ट व्हिसाला यातून सूट आहे, नोकरीसाठी आलेल्या बहुतेक इतरांना नाही. हीच माणसे पगारातून प्राप्तिकर व राष्ट्रीय विम्याची वर्गणीही भरतात. एकाच सेवेसाठी दोनदा पैसे घेणे न्याय्य कसे म्हणावे?

शिवाय ही रक्कम व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी एकदम भरावी लागते. ती जमली नाही तर अर्जच ग्राह्य धरला जात नाही; आणि वास्तव्याची परवानगी संपली की रुग्णालयातील उपचारांचे दीडपट दराने बिल येऊ शकते. पैशाची एक अडचण अशा रीतीने आजारपणाचे संकट बनते.

मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने कायम वास्तव्यासाठीची सर्वसाधारण अट पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. अशा बदलाने अधिभाराचा भारही दुप्पट होतो. धोरण बदलण्याचा अधिकार सरकारला आहे, हे मान्य. परंतु एका अटीवर ज्यांना बोलावले, त्यांच्यावर अर्ध्या वाटेत दुसरी अट लादणे हा विश्वासभंग होय. नोव्हेंबर २००६ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांचे नियम असेच बदलले गेले. पीडितांनी संघटित होऊन दाद मागितली आणि एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने, आधीच आलेल्यांना ते नियम लावणे अन्यायाचे ठरवले. त्या लढ्यात आपल्या देशाचे लोक मोठ्या संख्येने होते, हे विसरू नये.

या प्रश्नाशी आपले नाते जुने आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ चा त्यांचा अहवाल १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा पाया ठरला. जो वर्गणी भरतो तो याचक नसून हक्कदार आहे, हे त्यामागील तत्त्व. त्या योजनेत वर्गणीच्या काळाला पुढील लाभाचा काळ जोडलेला असतो. त्यामुळे नोकरी गेली म्हणून कामगाराचा उपचाराचा हक्क त्याच दिवशी संपत नाही. बदलाच्या काळात माणूस सांभाळण्याची ही रीत आहे. ब्रिटनसारख्या संपन्न देशाकडून याहून कमी अपेक्षा का करावी?

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. जे आधीच रांगेत आहेत त्यांना जुनाच नियम लागू असावा. अधिभार हप्त्यांनी भरता यावा. अर्ज प्रलंबित असताना कोणाचेही उपचार थांबू नयेत.

ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांना वाटेल, आमचा प्रश्न केव्हाच सुटला. विंडरश पिढीलाही तसेच वाटत होते. दशकानुदशके येथे राबलेल्या, कर भरलेल्या कृष्णवर्णीय वृद्धांपैकी काहींना कागदाअभावी उपचार नाकारले गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. म्हणून जुन्यांनी आपले कागद जपावेत आणि नव्यांसाठी आपल्या खासदारांना पत्रे लिहावीत. मतदानाचा अधिकार येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना, म्हणजे नव्यांनाही आहे. अडचण नव्यांची आहे. त्या भगिनींची वही मिटण्यापूर्वी आपले पत्र टपालात पडले पाहिजे.