खिन्नतेवरील गोळी आणि अपत्याची चिंता

कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्याच्या घरोघरच्या वर्षाचा हिशेब ठरतो, त्या बुलढाणा जिल्ह्याचा २०१५ साली शासनाने 'प्रेरणा' प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांत समावेश केला आणि आशा कार्यकर्तीमार्फत खिन्न शेतकऱ्याची विचारपूस करून त्यास सरकारी इस्पितळातील मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचविण्याची तजवीज झाली. जेथे मनोरुग्णास पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. परंतु गोळी घेणारा पुरुष पंचविशी-तिशीतला असला आणि घरात पाळण्याची वाट पाहिली जात असली, तर या गोळीने मूल होण्यास बाधा येईल काय, असा एक प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो, आणि तो कोणाजवळ बोलावा हे त्यास कळत नाही.

प्रश्न निराधार नाही. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरॉक्सेटिन हे खिन्नतेवरील औषध देऊन २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत शुक्रजंतूंची संख्या, गती व आकार जवळपास पूर्ववत राहूनही त्यांच्यातील डीएनएच्या विखंडनाचे सरासरी प्रमाण १३.८ वरून ३०.३ टक्क्यांवर गेल्याचे आढळले, आणि औषध बंद केल्यावर ते पुन्हा उतरले. म्हणजे प्रयोगशाळेचा नेहमीचा वीर्यतपासणी-अहवाल निर्दोष असूनही दोष दडलेला असू शकतो. तथापि प्रयोग लहान होता, आणि या औषधाने मूल होतच नाही असा अर्थ त्यातून काढणे हा अविवेक होय. याच वर्गातील औषधांनी वीर्यस्खलनास विलंब होतो आणि कामेच्छा मंदावते, हे मात्र वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे; आणि खिन्नता स्वतःही इच्छा हरण करते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

आम्हांस भय वाटते ते अर्धवट माहितीचे. 'या गोळीने मूल होत नाही' एवढे कोणी पारावर बोलला, की आपल्या मर्जीने गोळ्या सोडणारा मनुष्य चक्कर, निद्रानाश आणि परतणारी खिन्नता यांच्या स्वाधीन होतो, आणि आत्महत्यांच्या नोंदी तहसीलदारांच्या दप्तरी वाढत असलेल्या जिल्ह्यात ही जोखीम कोणी हलकी लेखू नये. उलट बाजूस, पती मौन धरतो आणि अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडेही कारण असताना नवस, उपास आणि तपासण्या यांचा सारा भार पत्नीवर पडतो, हा अन्याय तर रोजचाच आहे.

सबब जिल्हा आरोग्य खात्याने एवढे करावे: औषध लिहून देताना 'अपत्याचा विचार आहे काय' हे पुरुषासही विचारावे, शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून औषध बदलणे वा मात्रा उतरविणे तीन महिने आधी आखावे, आणि निर्णय वैद्याच्या सल्ल्यानेच व्हावा. आणि हा संवाद केसपेपरच्या रांगेत, शेजारच्याच्या कानावर पडेल असा नव्हे, तर दार लावून व्हावा. त्यासाठी एक स्वतंत्र खोली देण्याचा हुकूम जिल्हा शल्यचिकित्सकांनी काढण्यास फारसा खर्च येणार नाही.