भुताच्या मुखवट्याआडचा माणूस

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतील शेतमळ्यांवर भुतांचा बाजार भरतो. हॅलोविनच्या निमित्ताने ट्रॅक्टरला गवताच्या पेंढ्या रचलेली गाडी जोडायची आणि तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना काळोख्या रानवाटेने फिरवायचे, अशी ही ‘हाँटेड हेराइड’. मुखवटे चढवलेले, साखळी काढलेली यांत्रिक करवत घरघरवणारे कलावंत झाडाआडून गाडीवर धावून येतात. त्यांत हंगामापुरती आलेली कोवळी मुलेही असतात. कित्येक जण तर निव्वळ हौसेपोटी राबतात.

भिण्यातही आनंद असतो, यात गैर काहीच नाही. भरतमुनींनीही भयानकाला रसांत मानाचे स्थान दिले. परंतु येथे भूत खोटे असले, तरी अंधार खरा असतो आणि गाडीची चाकेही खरी असतात. २०१४ साली मेन राज्यात अशी गाडी उतारावर अनावर झाली. १७ वर्षांची एक मुलगी प्राणास मुकली, वीसहून अधिक जण जखमी झाले. २०२४च्या ऑक्टोबरात मिनेसोटात तर अशा सफरीवर काम करणारा १३ वर्षांचा मुलगाच गाडीखाली सापडून गेला.

प्रेक्षकांच्या किंकाळ्यांचा हिशेब तिकीटखिडकीवर होतो. भूत झालेल्या पोराचा हिशेब कोणी ठेवायचा? चाकांपासून अंतर, चालकाला दिसेल इतका उजेड, जाणत्या माणसाची देखरेख, एवढे तरी त्याच्या वाट्याला नको काय? पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. सुरक्षिततेचेही येत नाही.