पाच मिनिटांचा नियम आणि वाढते पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू घरी आणले की एक सूत्र आयतेच हाती पडते : वयाच्या प्रत्येक महिन्यामागे ५ मिनिटे व्यायाम. ३ महिन्यांच्या पिल्लाला १५ मिनिटे, ५ महिन्यांच्या पिल्लाला २५. दिल्लीपासून कोईम्बतूरपर्यंत हे सूत्र अशा विश्वासाने सांगितले जाते, की ते एखाद्या प्रयोगशाळेत मोजून काढले असावे असे वाटावे. प्रत्यक्षात त्यामागे कोणताही नियंत्रित प्रयोग नाही. वाढत्या हाडांविषयीच्या रास्त काळजीला कोणीतरी एक आकडा चिकटवला आणि आकडा असल्यामुळेच तो टिकला.

या सूत्रात चल राशी एकच आहे, वय. पिल्लाचे वजन, जमिनीचा पोत, वेग, हवेतील उष्मा यांपैकी कशालाही त्यात स्थान नाही. भारतात सर्रास ‘पॉमेरेनियन’ म्हणून विकला जाणारा स्पिट्झ आणि ग्रेट डेन यांना ते एकाच मापाने मोजते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड तेथे लांबीने वाढते. लहान चणीच्या जातींत हे वाढथर बहुधा वर्षाच्या आत बंद होतात, महाकाय जातींत मात्र ते दीड वर्षापर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ खुले राहू शकतात. तोवर सांध्याजवळचा तो भाग हाडापेक्षा दुबळा असतो. काळजी खरी आहे, हे येथे मान्यच करावे लागेल.

परंतु इजा मिनिटांनी होत नाही, ती बलाने होते. सोफ्यावरून गुळगुळीत फरशीवर उडी मारणारे पिल्लू एका क्षणात थांबते. थांबण्याचे अंतर जितके कमी, तितके सांध्यावर येणारे बल अधिक. तेच पिल्लू गवतावर वीस मिनिटे बागडले, तरी त्या एका आघाताएवढे शिखरबल कदाचित एकदाही येणार नाही. घड्याळ एकूण वेळ मोजते, आणि सांध्याला भोगावा लागणारा सर्वांत मोठा धक्का त्यात कोठेच दिसत नाही.

या विषयावरील एक महत्त्वाचा पुरावा नॉर्वेतून आला. तेथील संशोधकांनी न्यूफाउंडलँड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा जन्मापासून मागोवा घेतला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या ३ महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या सदोष वाढीचा, म्हणजे हिप डिस्प्लेझियाचा, धोका अधिक आढळला. त्याच वयात पट्ट्याविना मोकळे हिंडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. शिवाय या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही एवढे दिसते की ‘व्यायाम’ या एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध परिणामांच्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि मिनिटांच्या सूत्राला त्यांतला फरक कळत नाही.

भारतीय शहरांत हा फरक अधिकच बोचतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे कुटुंब १५ मिनिटांचा नियम काटेकोरपणे पाळते आणि त्यासाठी पिल्लाला दिवसातून तीनदा जिना उतरायला लावते. जी पायरी माणसाला जाणवतही नाही, ती दोन महिन्यांच्या पिल्लाच्या जवळपास छातीला लागते. त्याला उचलून खाली नेणे हा व्यायामाच्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी शहाणपणाचा निर्णय. वजनाचेही तसेच. ४८ लॅब्राडोरांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात, पिल्लू असल्यापासून २५ टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा झाली. गुबगुबीत पिल्लू पाहून कौतुक करणाऱ्या आप्तेष्टांना हे सांगणे कठीण असते, ही गोष्ट वेगळी.

खेळाकडे केवळ व्यायाम म्हणून पाहणे ही त्याहून मोठी चूक. भारतात त्याचे निरीक्षण करायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. गल्लीच्या टोकाला वाळूचा ढीग आणि त्यावर एक वेत असले की पुरे. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग वर ठेवायचा, हे खेळाचे आमंत्रण. दात जोरात लागला तर भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. चाव्याचा जोर आवरायला पिल्लू तेथेच शिकते. थकले की तेथेच झोपते. किती खेळायचे हे त्याला कोणी सांगत नाही.

रस्त्यावरचे जीवन आदर्श आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये दाखवले, की त्यांतील केवळ १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. पण घरातल्या एकट्या पिल्लाला भावंडे नसतात, हे लक्षात घेतले तर नियमाची खरी किंमत कळते. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जगाला सरावते. माणसे, आवाज, इतर कुत्रे यांची भीती याच काळात मोडते. ‘आजची १५ मिनिटे संपली’ म्हणून ते उरलेला दिवस बाल्कनीत बांधून राहिले, तर सांधे कदाचित वाचतील, पण भित्रा, चावरा कुत्रा तयार होईल. असे कुत्रे पुढे कोठे सोडले जातात, हे प्रत्येक शहराच्या वेशीवर दिसते.

पार्व्होच्या भीतीने सर्व लसी पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवणारेही पुष्कळ आहेत. भीती निराधार नाही, मात्र पिल्लाला कडेवर घेऊन बाजार दाखवता येतो, आणि लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरातच खेळू देता येते.

दुसरे टोक म्हणजे स्कूटरमागे पिल्लू पळवणारे उत्साही. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशी जाती पाळण्याचे आवाहन केले, मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई ही नावे तेव्हा घरोघरी पोहोचली. हे धावणारे कुत्रे आहेत, म्हणून पिल्लालाही धाववावे, हा तर्क चुकीचा आहे. समान वेगाने, कडक रस्त्यावर, पट्ट्याने ओढत केलेली दौड वाढथर बंद होईपर्यंत टाळावी. त्यातच उन्हाळा. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. चेन्नई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत जिभेवरील बाष्पीभवन मंदावते आणि तीच १५ मिनिटे धोकादायक ठरतात. भर उन्हात डांबराचे तापमान ५० अंशांपलीकडे सहज जाते. तळहात काही क्षण रस्त्यावर ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर पिल्लालाही सोसणार नाही.

मग किती खेळू द्यावे? मऊ जमिनीवर, गारव्यात, दिवसातून अनेकदा, थोडे थोडे. सुरुवात आणि शेवट पिल्लाने ठरवावा. ते बसले, मागे रेंगाळले, लंगडले की थांबावे. उरलेला वेळ ते झोपणारच आहे, आणि त्या झोपेतून त्याला व्यायामासाठी उठवू नये.