अभ्यास फोनात, फोन बापाच्या खिशात

नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथून गाडी धरून सुरतेला गेलेली आपली खानदेशी माणसे लिंबायत, उधना भागात राहतात. त्यांची पुष्कळ मुले तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. गुजरातेतली महापालिका मराठी शाळा चालवते, हे कौतुकाचेच.

2020 च्या टाळेबंदीत वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण शाळा उघडल्यावरही गृहपाठ ग्रुपवर टाकण्याची सवय बऱ्याच ठिकाणी सुटलेली नाही. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. आणि बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला. तो परतेपर्यंत पोर झोपी गेलेले. सकाळी गुरुजी विचारतात, गृहपाठ कुठे? पोराने काय सांगावे? तेरा वर्षांखालील मुलाने खाते उघडू नये, असा व्हॉट्सअ‍ॅपचाच नियम आहे. म्हणजे चौथीच्या वर्गाचा ग्रुप मुलांचा नाहीच.

भाषेचे तर विचारूच नका. ग्रुपवरची मराठी बहुधा इंग्रजी अक्षरांत. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, शिवाय 2023 च्या कायद्याने गुजरातीही सक्तीची. एवढ्या ओढाताणीत मुलाने ऱ्हस्व-दीर्घ शिकावे कुठे? फोनमध्ये देवनागरी असते. गुरुजींनी तेवढे कष्ट घ्यायला हरकत नाही.

सुट्टीचा निरोप पालकांना खुशाल फोनवर द्यावा. गृहपाठ मात्र फळ्यावर लिहावा आणि घंटा होण्यापूर्वी मुलांकडून वहीत उतरवून घ्यावा.